भाडे थकले, पुढे काय?

नोकरी गेली, आजारपण आले किंवा दुकानावर बुलडोझर फिरला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो घरभाड्याचा. कायदा काही भाडेकरूंना मुदत देतो, काहींना तीही देत नाही. तातडीची आर्थिक मदत मात्र कोणालाच मिळत नाही. ती देणे अशक्य आहे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून महावीर चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला अदालत रस्ता म्हणतात. जिल्हा न्यायालय याच रस्त्यावर आहे. चौकाच्या दुसऱ्या अंगाला उस्मानपुरा लागतो. तेथील गल्ल्यांमध्ये अभ्यासिका, खानावळी आणि ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या एकमेकींना खेटून आहेत. परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, दुकानांतील नोकर, छोट्या कार्यालयांतील कारकून अशी मोठी वस्ती या परिसरात भाड्याने राहते. भाडे थकले की घरमालकाने जायचे कोठे, हे अदालत रस्त्याने ठरवून दिले आहे. भाडेकरूने एका महिन्याचे भाडे मागायला कोठे जायचे, याचे उत्तर या शहरातील कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

क्रांती चौकाला मागण्यांची सवय आहे. १८५७ च्या उठावातील सैनिकांना देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा याच भागातला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला तोही येथूनच. शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, पाण्यासाठी त्रासलेले नागरिक अशा सर्वांचे आवाज या चौकाने ऐकले. भाडेकरूंचा मोर्चा मात्र सहसा निघत नाही. भाडेकरू विखुरलेला असतो. थकबाकी ही त्याच्या दृष्टीने लाजेची बाब असते आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच जिन्यावरून रोज वर-खाली करायचे असते. हा प्रश्न वर्षानुवर्षे दारामागे राहिला याचे हेही एक कारण आहे.

तीन कायद्यांतून एक

घरभाड्याच्या बाबतीत मराठवाड्याचा इतिहास उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश होता, तर मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा लागू होता. त्या कायद्यानुसार वाद भाडे नियंत्रकापुढे चालत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ अमलात आला आणि हे तिन्ही कायदे रद्द झाले. तेव्हापासून मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात भाड्याचे दावे चालतात.

या कायद्याचे कलम १५ भाडेकरूसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर केवळ मालकाच्या इच्छेने त्याला सामान्यतः काढता येत नाही. भाडे थकले तरी मालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि तिच्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा दाखल झाला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकीत भाडे, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला व पुढेही भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही.

कागदावर ही तरतूद उदार आहे. पण तिचे गणित मांडून पाहिले तर तिची मर्यादाही दिसते. महिना ५ हजार रुपये भाडे असलेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. दोन महिने भाडे थकले आणि नोटीस आली. नोटिशीचे तीन महिने गेले, समन्सनंतरचे तीन महिने गेले. या आठ महिन्यांत कमावत्या माणसाला काम मिळाले नाही किंवा मिळाले ते निम्म्या पगाराचे, तर भाडेकरूच्या डोक्यावर ४० हजार रुपये, शिवाय व्याज आणि खर्च साचतो. सुरुवातीला १० हजार रुपयांनी जो प्रश्न सुटला असता, तो आता चौपट झालेला असतो. कायद्याने दिलेली मुदत पैशाची सोय असणाऱ्याच्या उपयोगाची आहे. ज्याच्याकडे सोय नाही त्याच्यासाठी मुदत म्हणजे वाढत जाणारे कर्ज होय.

अकरा महिन्यांचा कागद

त्यातही हे संरक्षण सर्वांना नाही. आज शहरांतील बहुतेक नव्या भाडेकरूंच्या हाती ‘लिव्ह अँड लायसन्स’चा अकरा महिन्यांचा करार असतो. कायद्याच्या भाषेत असा माणूस भाडेकरू नसून अनुज्ञप्तीधारक ठरतो. त्याला कलम १५ ची ९० अधिक ९० दिवसांची ढाल मिळत नाही. कलम २४ नुसार कराराची मुदत संपल्यावर त्याने राहते घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य केले असे धरले जाते. घर भाड्याने देण्यास लोकांनी बिचकू नये म्हणून ही तरतूद झाली आणि तो हेतू बऱ्याच अंशी साध्यही झाला. मात्र ज्या महिन्यात माणसाचे उत्पन्न बुडते, नेमक्या त्याच महिन्यात त्याचा करार संपत असेल, तर त्याला सावरायला अवधीच उरत नाही.

तिसरा वर्ग याहून मोठा असावा. त्याच्याकडे नोंदणी नसलेला, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला कागद असतो किंवा तोही नसतो. कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भाडे घेतल्यावर लेखी पावती देणे बंधनकारक आहे. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणे हाही कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. कुलूप बदलून किंवा सामान रस्त्यावर टाकून ताबा घेतला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. हे सारे हक्क आहेत. पण वाळूज औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार किंवा रांजणगाव शेणपुंजीतील दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे कुटुंब त्यासाठी न्यायालयात जाईल, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. ते कुटुंब रात्रीतून सामान बांधते आणि दुसरी, त्याहून लहान खोली शोधते. अनामत रक्कम बहुधा थकबाकीत वळती झालेली असते. मुलांची शाळा मध्येच सुटते. या स्थलांतराची नोंद न्यायालयाच्या आकड्यांत कधीच येत नाही.

टाळेबंदीने दिलेला धडा

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न पहिल्यांदा सरकारी कागदावर आला. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. स्थलांतरितांसह सर्व कामगारांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये आणि कामगार वा विद्यार्थ्यांना घर सोडण्यास भाग पाडणाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे त्यात म्हटले होते. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीमुळे कोणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना दिल्या. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२०-२१ मध्ये घर रिकामे करण्याच्या व पाडकामाच्या आदेशांची अंमलबजावणी वेळोवेळी लांबणीवर टाकली.

या सर्व उपायांत एक उणीव सारखीच होती. भाडे पुढे ढकलले गेले, कोणी भरले नाही. भाडेकरूवरील बोजा तसाच राहिला आणि मालकाच्या बुडालेल्या उत्पन्नाचीही कोणी दखल घेतली नाही. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. ती मदत स्वागतार्ह होती. पण शहरातील एका साध्या खोलीचे महिन्याचे भाडेही त्यातून निघणे कठीण होते. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील हे मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. कमाई थांबल्यावर शहरात टिकून राहण्याची सोय नसेल, तर माणूस कोणत्या टोकाला जातो, हे मराठवाड्याने तेव्हा आपल्या अंगणात पाहिले.

दिल्लीतील घटनाक्रम यासंदर्भात पाहण्याजोगा आहे. २९ मार्च २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी गरीब भाडेकरूंचे भाडे सरकार भरेल, असे पत्रकार परिषदेत सांगितले. ते न मिळाल्याने भाडेकरू आणि एक घरमालक उच्च न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी एकलपीठाने मुख्यमंत्र्यांचे असे आश्वासन अंमलबजावणीयोग्य असल्याचे सांगून सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घेण्यास सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. घोषणा झाली, पण तिच्यामागे योजना नव्हती, अर्जाचा नमुना नव्हता आणि तरतूदही नव्हती. त्यामुळे शेवटी उरला तो न्यायालयीन वाद.

अमेरिकेने याच काळात उलट बाजूने सुरुवात केली. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मधील दोन कायद्यांनी मिळून तातडीच्या भाडे मदतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर मंजूर झाले. थकबाकी शक्यतो थेट घरमालकाला द्यावी, अशी रचना होती. तरीही पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम ३ अब्ज डॉलर भाडेकरू-मालकांपर्यंत पोहोचले. उत्पन्नाचे दाखले, कराराच्या प्रती, मालकाचे सहकार्य अशा कागदांत अर्ज अडकले. तेथील सरकारला पुढे अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर भर द्यावा लागला. घर रिकामे करण्यावरील देशव्यापी बंदी सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२१ रोजी उठवली, तेव्हा बहुतांश पैसा वाटपाविनाच पडून होता. पैसा असूनही तो वेळेवर पोहोचला नाही, तर मदत निष्फळ ठरते, हे यातून दिसले. ज्या देशात नोंदणीकृत करारच दुर्मिळ, तेथे ही अडचण कितीतरी पटींनी मोठी असणार.

आहेत त्या योजना

आपल्याकडे भाड्यासाठी सरकारी पैसा देण्याची कल्पना अगदीच नवखी नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ रचनेत महसुली विभागाच्या शहरांसाठी वर्षाला ५१ हजार रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी २८ हजार भोजनासाठी, १५ हजार निवासासाठी आणि ८ हजार निर्वाहासाठी होते. निवासाचा भत्ता महिन्याला १२५० रुपये पडतो. चार जणांनी मिळून खोली घेतली तर त्यात भागू शकते, परंतु ती रक्कम वेळेवर जमा होत नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि अनुदान वर्षाच्या शेवटी आले, तर मधल्या काळात उसनवारीच करावी लागते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून विद्यार्थी या शहरात येतात. त्यांच्यातील कित्येकांचे शिक्षण अशा दोन-तीन महिन्यांच्या खंडावर अवलंबून असते.

कामगारांसाठी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी वेतनाचा काही भाग मिळतो. २०२० मध्ये हे प्रमाण २५ वरून ५० टक्के करण्यात आले. भाडे भरण्याइतका आधार त्यातून नक्कीच मिळू शकतो. परंतु विम्याच्या कक्षेत नसलेला कंत्राटी मजूर, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला यांच्यासाठी ही वाट बंद आहे.

मग उरतात ते नेहमीचे मार्ग: दागिने गहाण, भिशी, नातेवाईक, बचत गट, सूक्ष्म वित्त कंपन्या आणि सावकार. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर १५ आणि नसेल तर १८ टक्के वार्षिक व्याज घेता येते. परवाना नसलेल्यांचा दर महिन्याच्या हिशेबाने चालतो. भाड्याची अडचण अशी कर्जाच्या अडचणीत बदलते आणि घर टिकले तरी कुटुंब खचते.

मालकाचीही बाजू

या चर्चेत घरमालकाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. सिडकोच्या एन-सेक्टरमधील लहान घरांवर एखादा मजला चढवून तो भाड्याने देणारे हजारो मालक स्वतः मध्यमवर्गीय आहेत. कोणी निवृत्त शिक्षक आहे, कोणाच्या घरी पतीमागे तेवढेच उत्पन्न आहे, कोणाचा गृहकर्जाचा हप्ता त्या भाड्यावर फिटतो. तीन महिने भाडे न मिळणे त्यांनाही परवडत नाही. घर अडकण्याच्या भीतीने कित्येक जण ते रिकामे ठेवणे पसंत करतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती, तर शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७ टक्के भाड्याने राहत होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, तो बव्हंशी ही भीती घालवण्यासाठीच. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवणे, वाद सोडविण्यासाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण व भाडे न्यायालय स्थापणे, मुदतीनंतर जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडे आकारणे, अशा तरतुदी त्यात आहेत. तो स्वीकारणे राज्यांवर सोपविलेले आहे. पण वादाचा निकाल लवकर लागणे आणि अडचणीतील भाडेकरू वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदर्श कायदा पहिलीची काळजी घेतो, दुसरीला त्याच्याकडे उत्तर नाही.

२०२५ च्या जून-जुलैत महापालिकेने मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि इतर प्रमुख रस्त्यांवर रुंदीकरणासाठी पाडकामाची मोठी मोहीम राबविली, तेव्हा हा फरक ठळकपणे पुढे आला. बांधकाम अधिकृत की अनधिकृत, मोबदला रोख की विकास हक्कांच्या रूपात, ही सारी चर्चा मालकांभोवती फिरली. भाड्याच्या गाळ्यात पंक्चरचे, झेरॉक्सचे किंवा चहाचे दुकान चालविणाऱ्याचे उत्पन्न मात्र एका दिवसात थांबते. त्याच उत्पन्नातून तो घराचे भाडे भरत असतो, याचा विचार अशा मोहिमेच्या नियोजनात कोठेच होत नाही. मे २०२२ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाजवळील लेबर कॉलनीतील तीनशेहून अधिक शासकीय निवासस्थाने पाडली गेली. त्या प्रकरणात प्रशासनाची कायदेशीर बाजू वरिष्ठ न्यायालयांपर्यंत टिकली. तरीही घर गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांचे काय, हा प्रश्न कायदेशीर बाजू टिकल्याने सुटत नाही.

काय करता येईल?

अमेरिकेसारखी अब्जावधींची योजना येथे कोणी मागत नाही. परंतु एखाद्या शहरापुरता प्रयोग आवाक्याबाहेरचा नाही. वर्षाला एक हजार कुटुंबांना तीन महिन्यांच्या भाड्यापोटी प्रत्येकी १५ हजार रुपये द्यायचे ठरविले, तर दीड कोटी रुपये लागतात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम डोळ्यांवर येण्याजोगी नाही. मदत वर्षातून एकदाच मिळावी, ती थेट घरमालकाच्या खात्यात जावी आणि त्या बदल्यात मालकाने सहा महिने घर रिकामे करून न घेण्याची लेखी हमी द्यावी. काही भाग बिनव्याजी परतफेडीचा ठेवला, तर निधी फिरता राहील. निकष मोजके हवेत: नोकरी सुटल्याचा, रुग्णालयात दाखल झाल्याचा किंवा पाडकामाचा कोणताही एक पुरावा आणि निर्णयाला पंधरा दिवसांची मर्यादा. कागदांचा ढीग मागितला, तर अमेरिकेतील अनुभवच येथे पुन्हा येईल.

गैरवापराची भीती आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मालक-भाडेकरू संगनमत करून अनुदान लाटतील, असे म्हटले जाईल. त्यावर उपाय नोंदणीकृत कराराचा आहे. राज्यात असा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदविता येतो. मदत नोंदणीकृत करारालाच मिळणार असेल, तर वीस वर्षांत दंडाच्या धाकाने जे झाले नाही, ते या प्रलोभनाने होऊ शकेल. नोंदणी केल्यास मालमत्ता कर वाढेल, या मालकांच्या भीतीवरही महापालिकेला स्वच्छ भूमिका घ्यावी लागेल. नोंदणी नसलेल्यांना सुरुवातीला एकदा संधी देऊन मदतीबरोबरच करार नोंदवून घेता येईल.

पैशाशिवायही एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे आणि दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोड घडवून आणण्याची सोय त्यात आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. थकबाकीच्या नोटिशीनंतरचे ९० दिवस हा तडजोडीचा सर्वोत्तम काळ असतो. मालकाला खटल्याचा खर्च नको असतो, भाडेकरूला हप्ते हवे असतात. परंतु नोटीस हाती पडलेल्या माणसाला हा दरवाजा ठाऊकच नसतो. वॉर्ड कार्यालये, कारखान्यांची फाटके, अभ्यासिका आणि पोलिस ठाणी येथे ही माहिती मराठी, हिंदी व उर्दूत लावण्यासाठी निधी लागत नाही, इच्छा लागते.

स्वाधारसारख्या योजनांचे हप्ते सत्राच्या सुरुवातीलाच जमा करणे आणि निवास भत्ता शहरातील प्रचलित भाड्याशी जोडणे, हे तिसरे काम. पाडकामाच्या प्रत्येक मोहिमेपूर्वी मालकांबरोबर भोगवटादार भाडेकरूंचीही यादी करणे आणि त्यांची अनामत परत मिळाल्याची खातरजमा करणे, हे चौथे. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

घर गमावलेल्या कुटुंबाला पुन्हा उभे करण्याचा खर्च समाज वेगवेगळ्या खात्यांवर टाकतो: शाळा सोडलेले मूल, हातचे गेलेले काम, सावकाराचे कर्ज. तीन महिन्यांचे भाडे त्यापेक्षा स्वस्त पडते. अदालत रस्त्यावर पोहोचण्यापूर्वीच हा हिशेब करण्याची जबाबदारी महापालिका आणि राज्य शासन या दोघांची आहे.